भांडी, नांगर आणि पासबुक

गेल्या महिन्यात शनिवार-रविवारला एक रजा जोडून वेंगुर्ल्याला जाऊन आलो. शनिवारी सकाळी मामांबरोबर मासळी बाजारात गेलो होतो. बांगडे मस्त मिळाले. (पुण्यात जे मिळतात त्यांना बांगडे म्हणणं हा बांगड्यांचा अपमान आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) मासेवालीने क्यूआर कोडचा कागद प्लास्टिकमध्ये घालून पाटीला बांधला होता. मी सवयीने मोबाईल काढला, तर मामांनी माझा हात धरला. "रवांदे, मी देतंय," म्हणाले आणि शर्टाच्या खिशातून घडी घातलेल्या नोटा काढल्या.

मला वाटलं, वयाची सवय. परत येताना सहज विचारलं, "मामा, तुम्ही अजून गूगल पे घेतलं नाही?"

"खाताच नाय, तर ता फोनात काय घालू?"

मी चाट पडलो. ज्या माणसाने वीस वर्षं काजू फोडायचा छोटा कारखाना चालवला, पंधरा-वीस बायकांना दर आठवड्याला मजुरी वाटली, गोव्याच्या व्यापाऱ्यांशी लाखांचे व्यवहार केले, त्याच्याकडे बँकेत खातं नाही?

मग चहाबरोबर सगळी कथा बाहेर आली. काजू बीची खरेदी फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत करून ठेवावी लागते, त्यासाठी बँकेकडून कॅश क्रेडिट. २०२० मध्ये बरोबर मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. माल पडून, व्याज चालू. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं आणि शेडचे पत्रे गेले. त्यानंतर कर्ज थकलं ते थकलंच. बँकेने शेड विकली, तरी बाकी उरली. हे सगळं मला ढोबळ माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. दीड वर्षापूर्वी गोव्यातल्या एका जुन्या गिऱ्हाईकाने आठवण ठेवून मागचे अडतीस हजार मामांच्या बचत खात्यात पाठवले. बचत खातं त्याच बँकेत. दुसऱ्या दिवशी मामा पैसे काढायला गेले, तर पासबुकात एक ओळ: रक्कम कर्ज खात्यात वर्ग.

"बँकेन घेतल्यान," मामा शांतपणे म्हणाले. "चोरी नाय ती. मी देणा लागतंय. पण त्या पैशांत घराचे दोन महिने काढूचे होते."

तेव्हापासून मामांचा प्रत्येक रुपया सुनेच्या खात्यात येतो. पीएम किसानचे दोन हजार मात्र अजून त्या जुन्या खात्यात पडतात आणि तिथेच विरघळतात. आणि मामांचं खरं दुःख रकमेचं नाही. "शंभर रुपये होये झाले तरी सुनेक इचारूचा लागता. ती बिचारी काय बोलना नाय. पण माका लाज वाटता."

तर, मंडळी, आजचा लेख या लाजेबद्दल आहे. आणि ती लाज बऱ्याच अंशी विनाकारण आहे, हे सांगण्याबद्दल.

आधी बँकेची बाजू. बँकेने केलं ते सहसा कायद्यात बसतं. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम १७१ मध्ये बँकेला ग्राहकाच्या तिच्या ताब्यात असलेल्या वस्तूंवर धारणाधिकार दिला आहे. शिवाय आपण कर्ज घेताना ज्या पन्नास ठिकाणी सह्या करतो, त्यातल्या एखाद्या पानावर 'तुमच्या इतर खात्यातली शिल्लक आम्ही थकबाकीत वळती करू शकतो' अशा अर्थाचं कलम असतंच. यासाठी बँकेला कोर्टात जावं लागत नाही. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर कर्ज आणि बचत एकाच बँकेत ठेवणं म्हणजे 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर'. आम्ही लोक सर्व्हर आणि त्याचा बॅकअप एका रॅकमध्ये ठेवणाऱ्याला हसतो, आणि स्वतः होमलोनच्या बँकेतच पगार ठेवतो!

पण माझा आक्षेप वेगळा आहे. तो समजायला थोडं मागे जावं लागेल.

मामांनी गेल्या वर्षी वकिलाच्या सल्ल्याने ओरोसला जिल्हा न्यायालयात नादारीचा अर्ज केला. (दिवाळखोरी हा शब्द मामांना चालत नाही. 'नादार' हा कागदावरचा शब्द त्यांना जरा बरा वाटतो.) आता तुम्ही म्हणाल, २०१६ चा नवा दिवाळखोरी कायदा आहे ना? आहे. त्यात साध्या माणसांसाठी स्वतंत्र भाग आहे, आणि अगदी गरीब कर्जदारासाठी 'नव्याने सुरुवात' नावाची एक छान प्रक्रियासुद्धा लिहून ठेवली आहे. वर्षाला साठ हजारांपर्यंत उत्पन्न, वीस हजारांपर्यंत मालमत्ता, पस्तीस हजारांपर्यंत कर्ज असेल तर कर्जातून मोकळं होण्याची सोय. पण व्यक्तींचा हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. बाकी आपल्यासारख्यांना अजून इंग्रजांचाच कायदा: मुंबई, कोलकाता, चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा आणि उरलेल्या मुलखासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. त्यात अर्ज करायला किमान कर्ज किती लागतं माहितीये? पाचशे रुपये! शंभर वर्षांत आकडा बदललेला नाही.

मी तो कायदा एका रात्री बसून वाचला. (हो, आम्हा लोकांना डॉक्युमेंटेशन वाचायची खोड असते, फक्त स्वतःच्या प्रोजेक्टचं सोडून.) नादार माणसाला काय काय करता येत नाही, ते त्यात आहे. स्थानिक संस्थेवर निवडून जाता येत नाही. राज्यघटनेप्रमाणे खासदार-आमदार होता येत नाही. आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त उधारी घेतली तर तो गुन्हा आहे, तुरुंगवास होऊ शकतो. पण 'नादार माणसाने बँकेत खातं उघडू नये' असं वाक्य मला कुठे सापडलं नाही. मामांची समजूत होती की कोर्टात अर्ज केला म्हणजे बँकेची दारं बंद. ती समजूत त्यांना कोणी दिली? कोणीच नाही. लाजेने दिली.

आता मुख्य मुद्दा. याच कायद्यात म्हटलंय की दिवाणी प्रक्रिया संहितेने ज्या गोष्टी जप्तीतून वगळल्या आहेत, त्या नादाराच्या मालमत्तेत धरायच्या नाहीत. ही संहिता १९०८ ची. तिचं कलम ६० उघडून बघा. सावकाराचा हुकूमनामा झाला तरी काय जप्त करता येत नाही, याची तिथे यादी आहे. कर्जदाराचे आणि त्याच्या बायकामुलांचे अंगावरचे कपडे. स्वयंपाकाची भांडी. अंथरूण-पांघरूण. कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची अवजारं, पोटापुरती गुरं आणि बियाणं. मजुरांची आणि घरगड्यांची मजुरी. पगारातले पहिले एक हजार आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग.

ही यादी वाचताना मला गंमत वाटली आणि मग आदर वाटला. ज्याने कोणी ती लिहिली, त्याने एक साधा प्रश्न विचारला होता: कर्ज बुडालेल्या माणसाला उद्या सकाळी उठून जगायला आणि काम करायला कमीत कमी काय लागतं? ते सोडा, बाकी घ्या. आणि हा प्रश्न आपल्याकडे फुकटात आलेला नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, दख्खनचे दंगे म्हणतात ते. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं थांबलं. कर्ज देणाऱ्याचा हक्क कुठे संपतो, याची रेघ महाराष्ट्रात तेव्हापासून ओढली जात आहे.

तर १९०८ साली उत्तर होतं भांडी, अंथरूण, नांगर, बियाणं. आज हीच यादी कोणी नव्याने लिहायला बसला तर पहिल्या पाचात बँकेचं खातं लिहील की नाही? मासेवालीला खातं लागतं, कारण गिऱ्हाईक फोनवर पैसे देतं. गॅसची सबसिडी खात्यात. पेन्शन खात्यात. रोजगार हमीची मजुरी खात्यात. ज्या सरकारने सगळं खात्यात द्यायचं ठरवलं, त्याच सरकारच्या कायद्यात खात्याला नांगराचा दर्जा नाही. नांगर घेऊन जायला बेलिफ लागतो, कोर्टाचा हुकूम लागतो, आणि तरी तो नेता येत नाही. खात्यातले दोन हजार घ्यायला एक कॉम्प्युटरची नोंद पुरते.

हे मी एकटाच म्हणतोय असं नाही. ऑगस्ट २०२४ आठवा. लाडकी बहीण योजनेचे पहिल्या दोन महिन्यांचे तीन हजार खात्यात आले, आणि काही ठिकाणी बँकांनी ते थकीत कर्जात किंवा किमान शिल्लक नसल्याच्या दंडात कापून घेतले. ओरड झाली. मग महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांच्याकडून बँकांना सांगण्यात आलं की या पैशातून कर्जाची वसुली करू नका. चांगलंच झालं. पण याचा अर्थ बघा: एका योजनेसाठी, बातम्या आल्यावर, सूचना देऊन. आमच्या भाषेत याला 'हॉटफिक्स' म्हणतात. बग तिथेच आहे. उद्या दुसरी योजना, पुन्हा ओरड, पुन्हा सूचना. आणि मामांच्या त्या अडतीस हजारांसारखे स्वतःच्या घामाचे पैसे असतील तर तेवढीही सूचना नाही.

बाहेर काय करतात? जर्मनीत १ जुलै २०१० पासून 'पी-कोंटो' म्हणजे संरक्षित खातं आहे. कोणीही आपलं चालू खातं तसं करून मागू शकतो. मग दर महिन्याला ठरावीक रक्कम (सध्या साधारण दीड हजार युरो) जप्तीच्या बाहेर राहते, वरची जाते. फ्रान्समध्ये १९८४ च्या कायद्यापासून 'खात्याचा हक्क' आहे. एका बँकेने नकार दिला की तिथली मध्यवर्ती बँक दुसरी बँक नेमून देते. ब्रिटनमध्ये २०१६ पासून नऊ मोठ्या बँकांनी शुल्क नसलेलं मूलभूत खातं द्यायचं आहे, आर्थिक अडचणीतल्या माणसालासुद्धा. यातल्या कुठल्याही देशात यामुळे बँका बुडाल्या नाहीत.

आपल्याकडे अर्धं काम झालेलं आहे, हेही मान्य करायला हवं. रिझर्व्ह बँकेने २००५ मध्ये 'नो फ्रिल्स' खातं आणलं, आणि २०१२ मध्ये त्याच्या जागी 'बेसिक सेव्हिंग्ज बँक डिपॉझिट अकाउंट'. किमान शिल्लक शून्य, एटीएम कार्ड फुकट, पैसे भरायला मर्यादा नाही, महिन्यात किमान चार वेळा पैसे काढणं फुकट. ही सर्वांसाठीची साधी सेवा मानायची आहे, गरिबीचा दाखला मागायचा नाही. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन सुरू झालं आणि २०२३ मध्ये त्याच्या खात्यांनी पन्नास कोटींचा आकडा ओलांडला. म्हणजे खातं मिळण्याची सोय झाली. खात्यातले पैसे टिकण्याची झाली नाही.

बरं, तोपर्यंत करायचं काय? आम्ही मामा-भाच्याने त्या दोन दिवसांत आणि पुढच्या तीन आठवड्यांत जे केलं, ते सांगतो. कोणाच्या तरी मामांना उपयोग होईल.

एक, जिथे देणं आहे तिथे खातं नको. त्याच बँकेची दुसरी शाखासुद्धा नको, कॉम्प्युटरला सगळ्या शाखा एकच दिसतात. आम्ही आधी एका वेगळ्या बँकेत गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सिबिल खराब असेल तर मुश्कील आहे." मी म्हटलं, आम्ही कर्ज मागत नाही, पैसे ठेवायला आलोय! उधारी न देणाऱ्या बचत खात्याला कर्जाच्या इतिहासाचं काय काम? तुमचा नकार लेखी द्या. लेखी म्हटल्यावर सूर बदलतो, हा अनुभव. नाहीच बदलला तर बँकेकडे लेखी तक्रार करायची, आणि तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तिथे फी नाही.

दोन, पोस्टाची पेमेंट्स बँक. हे मला नंतर सुचलं आणि स्वतःवर खूश झालो. पेमेंट्स बँकेला कर्ज द्यायची परवानगीच नाही. म्हणजे ती कधी तुमची सावकार होऊ शकत नाही, आणि थकबाकीत वळतं करायचा प्रश्नच मिटतो. दोन लाखांपर्यंतच शिल्लक ठेवता येते, पण नादार माणसाला त्याची चिंता नसावी. मामांचं खातं शेवटी तिथेच उघडलं, पोस्टमन घरी येऊन अंगठा घेऊन गेला. पतसंस्था मात्र या कामासाठी नको. ती बँक नाही, तिच्या ठेवींना पाच लाखांच्या ठेव विम्याचं कवच नाही.

तीन, हे सगळ्यात महत्त्वाचं. नुसतं नवं खातं उघडून सरकारी पैसे तिथे येत नाहीत. आधारशी जोडलेलं जे खातं शेवटचं नोंदवलेलं असतं, तिथे ते जातात. प्रोग्रामर मंडळींसाठी: तो एक पॉइंटर आहे आणि तो जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहतो. नव्या बँकेत आधार जोडणीचं संमतीपत्र भरून तो हलवावा लागतो. मामांचे पीएम किसानचे हप्ते दीड वर्ष थकबाकीत गेले ते या एका न भरलेल्या कागदामुळे.

चार, नव्या खात्यावर कुठल्याही हप्त्याची आपोआप वजावट मंजूर करायची नाही. जनधन खात्यावर दहा हजारांपर्यंत ओव्हरड्राफ्ट मिळू शकतो, तो नादार माणसाने घ्यायचा नाही. वरची पन्नास रुपयांच्या उधारीची गोष्ट आठवा.

पाच, खातं लपवायचं नाही. हे ठळक अक्षरात समजा. कोर्टात अर्ज आहे तर नव्या खात्याची माहिती वकिलामार्फत द्यायची. नादारीच्या काळात नवी मालमत्ता आली तर तिच्यावरही रिसिव्हरचा हक्क पोहोचतो. खातं घर चालवण्यासाठी आहे, माल दडवण्यासाठी नाही.

आणि सहा, खातं जिवंत ठेवायचं. दोन वर्षं आपण काही व्यवहार केला नाही तर ते निष्क्रिय होतं. केवायसीचा मेसेज आला की शाखेत जाऊन खरा की खोटा ते बघायचं. आणि पासबुक भरून घेऊन शुल्काच्या ओळी वाचायच्या. आयआयटी मुंबईच्या आशिष दास यांच्या २०२१ च्या अभ्यासात दिसलं की स्टेट बँकेने अशा मूलभूत खात्यांवर महिन्यातल्या चार व्यवहारांनंतर प्रत्येक वेळी १७ रुपये ७० पैसे लावून २०१५ ते २०२० मध्ये तीनशे कोटींवर रक्कम गोळा केली होती. साडेसतरा रुपये कोणी बघत नाही, म्हणूनच.

हे सगळं मी माझ्या एका बँकेतल्या मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "तू म्हणतोस तसं केलं तर सगळे बुडवे पैसे संरक्षित खात्यात ठेवतील. मग आमचं कर्ज कोण फेडणार?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की मी पूर्ण खात्याला हात लावू नका म्हणत नाही. महिन्याला घर चालेल एवढी रक्कम सोडा, वरचं खुशाल घ्या. नांगर सोडला होता, शेतातलं सगळं पीक नव्हे. आणि दुसरं, खातं काढून घेतलंत तर माणूस रोखीत जातो, सुनेच्या खात्यात जातो. मग कोर्टालाही काही दिसत नाही आणि तुम्हालाही. ज्याच्याकडे स्वतःचं खातं आहे त्याचा हिशेब दिसतो, आणि फेडण्याची शक्यता त्याच्याकडूनच जास्त. मित्राला पटलं असं तो म्हणाला नाही. पण "वरच्यांना सांग," म्हणाला, म्हणजे निम्मं पटलं असावं. :-)

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. कलम ६० च्या यादीत एक ओळ वाढवा. बुडालेल्या माणसाच्या एका खात्यातली, एका महिन्याच्या गरजेपुरती रक्कम कोणालाही नेता येणार नाही, कोर्टाच्या जप्तीत नाही आणि बँकेच्या परस्पर वळत्यातही नाही. योजना कुठलीही असो, पैसे मजुरीचे असोत की बागेतल्या आंब्याचे.

असो. बराच लांबला लेख. गेल्या रविवारी मामांचा फोन आला होता. पीएम किसानचा हप्ता पहिल्यांदाच नव्या खात्यात आला. मी विचारलं, मग काय केलंत? म्हणाले, बाजारात गेलो, फोन लावून सुरमई आणली, सुनेला न विचारता.

"किती महाग पडली?"

"ता इचारू नको."

ता. क. - मी वकील नाही. नादारीचा अर्ज करायचा असेल तर आधी वकिलाला भेटा. खातं मात्र त्याच्याही आधी उघडा.